किडे बघणं आणि किडे काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किड्यांची चित्रं काढते असं सांगितलं की समोरचा आधी जरा मागे सरकतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. प्रश्न साधारण ठरलेले असतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपली आहेत. पाय, पंख आणि चकाकणारे रंग हे माझे आवडते विषय, त्यामुळे तिथे आवरतं घेता आलेलं नाही.

किडेच का? फुलं, पक्षी, माणसं आहेत की.

पहिलं कारण सोयीचं. किडा सापडतो. पक्षी दुर्बिणीत येईपर्यंत उडून जातो, मोठा प्राणी बघायला कुठेतरी जावं लागतं. किडा दिव्याखाली, खिडकीच्या चौकटीत, पानाच्या मागच्या बाजूला बसलेला असतो.

दुसरं म्हणजे हा विषय संपणारा नाही. विज्ञानाने आजवर नाव दिलेल्या कीटकांच्या जाती दहा लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यातले साडेतीन ते चार लाख एकटे भुंगेरे. रोज एक नवी जात काढायची म्हटली तरी एक जन्म पुरणार नाही.

तिसरं कारण चित्रकाराचं. माणसाचं चित्र काढताना कातडीखाली हाडं कुठे असतील याचा अंदाज बांधावा लागतो. किड्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. कुठला सांधा कुठे वाकतो, कुठल्या दिशेने वाकू शकत नाही, सगळं उघड्यावर मांडलेलं. फक्त ते बघायची तयारी हवी.

कोळी, गोम, विंचू हेही किडेच ना?

नाहीत. कीटकाला सहा पाय आणि शरीराचे तीन भाग: डोकं, वक्ष, उदर. कोळ्याला आठ पाय आणि दोनच भाग, मिशाही नाहीत. विंचू कोळ्याच्या नात्यातला, गोम या दोघांपेक्षा वेगळी. चित्र काढायला अर्थात सगळेच छान, पण कोळ्याला सहा पाय काढले की तो कुणीच राहत नाही.

मला किड्यांची किळस वाटते. तरी जमेल?

जमेल, आणि किळस आधी घालवून मग सुरुवात करायची असंही नाही. हात न लावता काढता येणाऱ्या गोष्टींपासून सुरू करा. झाडाच्या खोडाला चिकटलेली सिकाडाची (झाडावर बसून कर्कश आवाज करणाऱ्या किड्याची) कात किंवा पाण्याकाठच्या गवतावर राहिलेली चतुराच्या पिल्लाची कात घ्या. ती पोकळ असते, हलत नाही, आणि पायांची प्रत्येक कडा, डोळ्यांचा फुगवटा, पाठीवरची चीर जशीच्या तशी तिच्यात असते. माझ्या मते नवशिक्याला याहून चांगला नमुना नाही. एक मिशी कुठून सुरू होते आणि तिला किती पेरं आहेत हे मोजायला बसलात, की किळस करायला डोकं मोकळं राहत नाही.

सुरुवात कुठल्या किड्यापासून करू? फुलपाखरू सोपं वाटतं.

फुलपाखरू सोपं वाटतं, म्हणूनच त्याच्यापासून सुरू करू नका. पंखांवरची नक्षी इतकी लक्ष वेधून घेते की अंग, पाय, डोकं अशा खऱ्या अवघड गोष्टी दोन रेघांत उरकल्या जातात, आणि तीच सवय लागते.

भुंगेरा घ्या. आकार ठाम, कडा स्पष्ट, पंख झाकलेले. तो आधी वरून काढा. मग नाकतोडा बाजूने काढा, कारण त्याची मागची लांब मांडी आणि पाठीच्याही वर आलेला गुडघा तुम्हाला कोन मोजायला लावतो. फुलपाखराकडे त्यानंतर जा. मुंगीला मात्र लगेच हात घालू नका. ती ओळखीची वाटते, आणि ओळखीची गोष्ट आपण न बघताच काढतो.

माझ्या चित्रातले पाय नेहमी चुकीचे दिसतात. का?

बहुतेक वेळा पाय पोटातून काढलेले असतात. सहाही पाय वक्षातूनच निघतात, उदरातून एकही नाही. वक्षाचे तीन खंड असतात आणि प्रत्येक खंडाला एक जोडी. मुंगी बाजूने बघा. पायांची सगळी गर्दी मधल्या छोट्याशा भागावर असते, मागचा मोठा गोलसर भाग नुसता मागे राहतो.

भुंगेऱ्याच्या बाबतीत डोळे फसतात, आणि फसायला सबळ कारण आहे. वरून पाहिलं तर डोकं, त्यामागे एक ढालीसारखी पाटी आणि मग पंखांचं कडक झाकण असे तीन भाग दिसतात. आपण मनात त्यांना डोकं, वक्ष, उदर अशी नावं देऊन टाकतो. पण ती पाटी म्हणजे वक्षाचा फक्त पहिला खंड. उरलेले दोन खंड झाकणाखाली दडलेले असतात. त्यामुळे मधले आणि मागचे पाय झाकणाखालून निघताना दिसतात आणि पोटाचे वाटतात. एखादा मेलेला भुंगेरा उलटा करून पाहिलात की हे कायमचं डोक्यात बसतं.

पायाचे भागही मोजून घ्या. अंगाजवळ दोन छोटे तुकडे, मग मांडी, मग नडगी, आणि शेवटी लहान लहान पेरांचं पाऊल, ज्याच्या टोकाला बहुधा दोन नख्या. नवख्या चित्रात पाऊल एक साधी रेघ होऊन जातं. प्रत्यक्षात तिथे पेरं असतात, आणि किती असतात यावरून भुंगेऱ्यांची कुळं ओळखायला मदत होते.

किडा चालताना दाखवायचा असेल तर आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. बरेच कीटक चालताना एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय टेकवून ठेवतात आणि उरलेले तीन पुढे टाकतात. सहाही पाय एकसारखे पसरून काढले तर किडा टाचणीने टोचल्यासारखा दिसतो. तीन टेकलेले, तीन सरकणारे असे काढले की तो लगेच चालायला लागतो.

मी पाहिलेल्या फुलपाखराला चारच पाय होते!

बरोबर पाहिलंत. फुलपाखरांच्या एका मोठ्या कुळात पुढचे दोन पाय आखूड, केसाळ ब्रशसारखे झालेले असतात आणि छातीशी दुमडून ठेवलेले असतात. ते चालायला वापरले जात नाहीत. अशा फुलपाखराला सहा पाय टेकवून उभं केलं तर पुस्तकी ज्ञान बरोबर आणि चित्र चूक अशी गत होते. जे दिसलं ते काढा, आणि दुमडलेली जोडी दिसते का ते बारकाईने शोधा.

प्रार्थना करणाऱ्या मॅन्टिसचंही तसंच. शिकारीचे पुढचे पाय हे हात नव्हेत, सहांपैकीच दोन आहेत. त्यांच्याव्यतिरिक्त आणखी सहा काढलेली चित्रं मी छापलेलीसुद्धा पाहिली आहेत.

पंख किती काढायचे?

बहुतेक पंखवाल्या कीटकांना दोन जोड्या, म्हणजे चार. माश्या आणि डासांना एकच जोडी. त्यांची मागची जोडी छोट्या गुंडीच्या दांड्यांत बदललेली असते आणि उडताना तोल सांभाळते. मोठ्या लांब पायांच्या डासासारख्या माश्यांमध्ये या दांड्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

इथेच फुलांवर घिरट्या घालणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी भल्याभल्यांना चकवते. ती मधमाशीचं सोंग घेते. पंखांची एकच जोडी, मिशा अगदी आखूड आणि डोळ्यांनी डोकं व्यापलेलं दिसलं, की ती माशी. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या असतात. पण मधमाशीचे चार पंखही कधी कधी दोनच वाटतात, कारण मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्याला अडकवलेला असतो. म्हणून पंखांपेक्षा मिशांवर जास्त भरवसा ठेवा.

भुंगेऱ्याची पुढची जोडी म्हणजेच ते कडक झाकण, आणि उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. चतुर पंख पसरूनच बसतो, त्याला ते पाठीवर मिटता येत नाहीत. त्याच्या नात्यातली, टाचणी याच नावाची बारीक कीटक बहुतेक वेळा ते पाठीवर एकत्र धरून बसते. टाचणीचे डोळे एकमेकांपासून लांब, डोक्याच्या दोन टोकांना असतात. चतुराचे मोठे आणि बऱ्याच जातींत डोक्यावर एकमेकांना भिडलेले.

पंखांवरच्या शिरा म्हणजे सजावट नव्हे. त्यांची मांडणी जातीनुसार ठरलेली असते, आणि तज्ज्ञ तिच्यावरून ओळख पटवतात. मुख्य शिरा मोजून, जिथे फुटतात तिथेच फोडा. चतुराच्या पंखातली शेकडो बारीक घरं मात्र प्रत्येक वेळी काढायलाच हवीत असं नाही. पुढच्या कडेजवळ ठळक आणि मागे जाताना पुसट ठेवली तर पंख हलका दिसतो. पारदर्शक पंख रंगवताना पंख न रंगवता त्याच्यामागे जे आहे ते थोडं फिकं करून रंगवा.

जिवंत किडा एक क्षण स्थिर बसत नाही. काय करायचं?

ही तक्रार फार जुनी आहे. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गोष्टींची चित्रं १६६५ मध्ये छापली. मुंगी काही केल्या स्थिर बसेना. शेवटी त्यांनी तिला ब्रँडीत बुडवलं. ती निपचित पडली आणि त्यांचं काम झालं. तासाभराने ती अचानक शुद्धीवर आली आणि पळून गेली.

ब्रँडीची गरज नाही. कीटक त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करतात, याचा फायदा घ्या. माशी पाय चोळते, थांबते, परत चोळते. अनेक जातींचे चतुर शिकारीवर झेप घेऊन पुन्हा त्याच काडीच्या टोकावर येऊन बसतात. एका पानावर चार-पाच अर्धवट रेखाटनं एकदम सुरू ठेवा. किडा ज्या स्थितीत परत येईल त्या रेखाटनात दोन रेघा वाढवायच्या. पहिल्या क्षणात फक्त अंगाची मधली रेघ आणि तिचा कल पकडा, मग पाय कुठे टेकले आहेत ते ठिपके. तपशील नंतरही मिळतात, कल परत मिळत नाही.

सकाळी लवकर निघालात तर काम आणखी सोपं. कीटकांच्या अंगाची ऊब बहुतांशी बाहेरच्या हवेवर अवलंबून असते, त्यामुळे गारव्यात ते सुस्त असतात. काही जण किडा डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात. मला ते पटत नाही. गारठून आखडलेल्या किड्याचे पाय त्याच्या नेहमीच्या बैठकीत नसतातच, मग मिळवलं काय?

चित्रासाठी किडे मारावे लागतात का?

नाही. दिव्याखाली, खिडकीशी, गाडीच्या काचेवर मेलेले पुरेसे मिळतात. वाळून कडक झालेला किडा ओल्या कापडाबरोबर झाकणाच्या डबीत एखाद-दुसरा दिवस ठेवला की सांधे मऊ होतात आणि पाय न मोडता नीट करता येतात. जास्त दिवस ठेवलात तर बुरशी धरते. जमवलेले नमुने घट्ट बंद डबीत ठेवा, कारण वाळलेले किडे खाणारे बारीक भुंगेरे वर्षभराचा संग्रह भुकटी करून ठेवतात.

मारण्याऐवजी पाळणं हा माझ्या दृष्टीने सगळ्यात समृद्ध मार्ग, आणि त्यात चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांचं नाव घ्यायलाच हवं. जन्म १६४७, फ्रँकफर्ट. लहानपणीच त्यांनी रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली, आणि पुढे कुठलीही अळी सापडली की ती घरी आणून तिचं काय होतं ते बघत राहिल्या. त्या काळात किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं मानणारे पुष्कळ होते. १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन त्या समुद्रापार दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतावं लागलं. १७०५ मध्ये तिथल्या कीटकांवरचं त्यांचं साठ चित्रांचं पुस्तक निघालं. त्यात अळी, कोष आणि फुलपाखरू एकाच चित्रात, आणि तेही ती अळी ज्या झाडावर जगते त्याच झाडावर. आज ही मांडणी आपल्याला साहजिक वाटते. तेव्हा किडे पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून काढायची पद्धत होती.

फोटोवरून काढलं तर चालेल?

स्वतः काढलेल्या फोटोवरून जरूर काढा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत लेन्सकडचा भाग फुगतो, त्यामुळे समोरून टिपलेल्या किड्याचं डोकं अवास्तव मोठं आणि मागचे पाय खुरटे येतात. आणि फोटोत जे धूसर आहे ते तुम्ही मनाने भराल, हे जवळजवळ ठरलेलं. निरनिराळ्या कोनांतून पाच-सहा फोटो असले तर मनाने भरायची वेळ कमी येते.

संग्रहालयातल्या फुलपाखरांवरून काढताना आणखी एक सावधगिरी. नमुना टोचताना पुढच्या पंखांची मागची कड अंगाशी काटकोनात येईल अशी ओढून बसवतात, म्हणजे मागच्या पंखाची सगळी नक्षी दिसते. जिवंत फुलपाखरू असं बसत नाही. तेच चित्र फुलावर ठेवलं, की फुलावर मेलेलं फुलपाखरू ठेवल्यासारखं होतं.

इतके चांगले कॅमेरे असताना चित्राची गरजच काय?

जवळून घेतलेल्या फोटोत फार पातळ थर स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आला की पाय धूसर. अनेक फोटो एकत्र जुळवून यावर मात करता येते, पण धूळ, मोडलेली मिशी, एकमेकांवर आलेले पाय तसेच राहतात. चित्रकार डाव्या मिशीवरून मोडलेली उजवी पुरी करतो, तीन नमुने बघून एक नेमका किडा काढतो, ओळखीसाठी महत्त्वाचा काटा ठळक करतो आणि बाकीचं मागे ठेवतो. म्हणूनच नव्या जातीचं वर्णन छापताना आजही रेघांची चित्रं वापरली जातात.

मला स्वतःला याहून मोठं कारण दिसतं. कॅमेऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही. पेन्सिल हातात असली की प्रत्येक रेघेला उत्तर द्यावं लागतं: हा सांधा याच्या आधी की नंतर? काटे एका ओळीत की दोन? उत्तर माहीत नसलं की रेघ थांबते आणि आपण पुन्हा किड्याकडे बघतो.

साहित्य काय लागतं?

एचबी आणि टूएच पेन्सिल, खोडरबर, गुळगुळीत जाड कागद, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. पुढे वाटलं तर ०.१ मिलिमीटरचं पेन आणि जलरंग. महागड्या वस्तूंमध्ये पैसे घालायचेच असतील तर ते दोन्ही डोळ्यांनी बघायच्या सूक्ष्मदर्शकात घाला, रंगांच्या पेटीत नको.

हिरव्या-सोनेरी भुंगेऱ्याची चमक कागदावर कशी आणायची? धातूचे रंग वापरू?

धातूचे रंग नकोत. ते सगळीकडे सारखे चमकतात, आणि भुंगेरा नेमकं तेच करत नाही.

ही चमक बहुधा रंगद्रव्याची नसते. कवचातल्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परततो, काही रंग बळकट होतात, काही विझतात, आणि कोन बदलला की रंग सरकतो. निळ्या मॉर्फो फुलपाखराचा निळा असाच खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून येतो. (फुलपाखराच्या पंखांवरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे तेच खवले.)

म्हणून चित्रातही रंग सरकायला हवा. आधी सगळ्यात फिका रंग, समजा पिवळसर हिरवा, पातळ पसरवा. सगळ्यात उजेडाची जागा कोरा कागद म्हणून राखा, आणि ती आकाराने टोकदार ठेवा. तिच्या लगेच शेजारी सगळ्यात गडद छटा येऊ द्या. चमक दिसते ती या शेजारामुळे. मऊ, हळूहळू गडद होत जाणारी छाया दिली की भुंगेरा रबराचा होतो. कडेकडे जाताना हिरव्याचा निळा किंवा तांबूस होऊ द्या, पण मनाने नव्हे. भुंगेरा दिव्याखाली हळूहळू फिरवा आणि रंग कुठे बदलतो ते लिहून ठेवा.

काळ्या किड्याला काळा रंग जवळजवळ लागतच नाही. त्याच्या पाठीवर आकाश असतं, पोटाखाली जमिनीचा रंग असतो.

आणि रंग जिवंतपणीच टिपा. चतुरांचे रंग मेल्यावर मळकट होतात. काही कासव-भुंगेरे जिवंत असताना चक्क सोनेरी दिसतात. कवचातला ओलावा गेला की तो सोनेरीपणाही जातो.

डोळ्यांतली जाळी काढायची का?

सहसा नाही. घरमाशीच्या एका डोळ्यात काही हजार भिंगं असतात, मोठ्या चतुरांच्या डोळ्यात तीस हजारांच्या आसपास. तळहाताएवढ्या चित्रात ती दिसणारच नाहीत. उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढली तर डोळा चाळणीसारखा होतो. डोळ्याचा गोलवा आणि उजेडाचा ठिपका पुरे. मॅन्टिसच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि तुम्ही जिकडे सरकाल तिकडे तो सरकतो. ती बाहुली नव्हे. तुमच्याकडे रोखलेली भिंगं प्रकाश परत पाठवत नाहीत म्हणून तिथे काळं दिसतं. काढा जरूर, त्याने मॅन्टिस तुमच्याकडे बघतो.

अळ्या काढाव्याशा वाटतात, पण सगळ्या सारख्याच दिसतात.

पाय मोजा. फुलपाखरू-पतंगांच्या अळीला पुढे तीन जोड्या खऱ्या, टोकदार पायांच्या आणि मागे जास्तीत जास्त पाच जोड्या मांसल, खोट्या पायांच्या. कमान करत चालणाऱ्या अळीत मधल्या जोड्या नसतात, म्हणून तर ती कमान. खोट्या पायांच्या सहा किंवा अधिक जोड्या दिसल्या तर ती फुलपाखराची अळी नाही, पानमाशीची (इंग्रजीत सॉफ्लाय) आहे. अळी काढताना पानही काढा, कुरतडलेल्या कडेसकट. ती कुठल्या झाडावर होती यावरून तिची ओळख अर्धी होते.

चित्राशेजारी मापाची रेघ का काढतात? ‘दहापट मोठे’ लिहिलं तर?

चित्र छापताना लहान-मोठं झालं की ‘दहापट’ खोटं ठरतं. रेघ चित्राबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती कायम खरी.

टॅब्लेटवर काढलं तर?

काढा. फक्त अर्धा किडा काढून आरशातला दुसरा अर्धा जोडायची सोय जपून वापरा. वरून टोचलेल्या नमुन्याला ती चालते. बसलेल्या किड्याचा एक पाय नेहमी दुसऱ्यापेक्षा पुढे असतो.

चित्र झालं, पण किड्याचं नावच माहीत नाही.

नाव नंतरही कळेल. तारीख, जागा, वेळ, लांबी मिलिमीटरमध्ये, कुठल्या झाडावर होता आणि काय करत होता एवढं चित्राखालीच लिहा. मिशांचा जवळून एक वेगळा तपशील काढून ठेवा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या बहुधा पिसांसारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या. ओळख सांगणारा माणूस आधी तेच विचारेल.

काही होणार तर नाही ना, हातात घेतलं तर?

बहुतेकांनी काही होत नाही, पण न ओळखता उचलू नका. केसाळ सुरवंटांचे केस कातडीत रुततात आणि आग होते, कधी कधी कोषावरच्या केसांनीही. काही मऊ अंगाचे लांबट भुंगेरे दाबले गेले की त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. अशांना काडीवर चढवून घ्या किंवा काचेच्या बरणीत ठेवून बघा, आणि रेखाटन झालं की ज्या पानावरून उचललं तिथेच परत सोडा.